‘आम्ही’ म्हणजे कोण, याचा खुलासा

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात एक छोटा फळा असतो. वर वार आणि दिनांक, खाली पट, हजर, गैरहजर, आणि मधल्या मोकळ्या जागेत सुविचार. सुविचार लिहिणं हे शिक्षकाच्या नोकरीतलं सगळ्यात बिनधोक काम. माणसाने खरं बोलावं, असा उपदेश त्या जागेत लिहिला म्हणून कोणाची वेतनवाढ थांबल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्या गुरुजींची थांबली, कारण ते उपदेश न लिहिता जे खरं असेल तेच तिथे लिहायचे.

मी रुजू व्हायला गेले त्या सकाळी फळ्यावर लिहिलं होतं : ‘काल वजाबाकी शिकवली. कोणालाच कळली नाही.’ मला वाटलं, कुणीतरी वात्रट पोराने चावटपणा केलाय. मी डस्टर शोधून पुसायला गेले तर मागून आवाज आला, “राहू द्या बाई. अजून चार पोरं यायचीत. त्यांचं वाचायचं राहिलंय.” हेच ते गुरुजी, शाळेचे मुख्याध्यापक. हातात कांद्याची पिशवी, कानावर खडू, आणि सदऱ्याच्या खिशाला खडूचा पांढरा गोल डाग. मी नाशकात वाढलेली, पंचवटीतली. आमच्या शाळेतले मुख्याध्यापक कधी स्वतःची पिशवीसुद्धा उचलायचे नाहीत. हा माणूस मला पहिल्या नजरेत अजिबात आवडला नाही.

शाळा पेठ रस्त्याने पुढे, डोंगरात. फाट्यावर एसटीतून उतरून पाऊण तास चालायचं. तालुक्याचं नाव मी सांगणार नाही, तिथले फॉर्म अजून चालू असतील. चार इयत्ता, दोन खोल्या, दोन शिक्षक. शिक्षणसेवकांची योजना तेव्हा नवी नवी होती. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढायची आणि अहवाल चांगला गेला तर कायम व्हायचं. म्हणजे तीन वर्षं कोणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, एवढं धोरण ठरवून मी निघाले होते. आणि नशिबाने गाठ कोणाशी घालून दिली, तर जो माणूस रोज सकाळी स्वतःची फजिती स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहितो त्याच्याशी.

गुरुजी मूळचे नामपूरकडचे. एरवी पुस्तकी मराठी बोलायचे, पण राग आला किंवा फार आनंद झाला की अहिराणीवर यायचे. वाक्याच्या शेवटी ‘आहे’च्या जागी ‘शे’ आला की पोरं ताठ बसायची. महिन्यातून एकदा गावी जाऊन आले की कांद्याची गोणी घेऊन यायचे, कारण भागाकार त्यांना कांद्यांशिवाय शिकवता येत नसे. शैक्षणिक साहित्याची पेटी शाळेत होती, पण ती कपाटात आणि कपाट कुलपात. त्यातलं काही फुटलं तर भरून द्यावं लागतं, म्हणून कोणत्याच शाळेत ती पेटी उघडत नसत. तपासणीला साहेब आले की पेटी दाखवायची, साहेबांनी “छान ठेवलीय” म्हणायचं. गुरुजींचे कांदे मात्र रोज वापरात. बारा कांदे तिघांत वाटून झाले की ते सरळ खिचडीच्या पातेल्यात जायचे. भागाकार नाही कळला तरी खिचडीला चव यायची.

त्यांची एक खोड होती. शिकवून झालं की आम्ही सगळे विचारतो तसं तेही विचारायचे, “कळलं का?” पोरं एका सुरात “होऽऽ” म्हणायची. ते ऐकलं की दुसरा कोणी शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतो. गुरुजींचा चेहरा पडायचा. “एका सुरात कळत नसतं,” असं म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी वैतागून म्हणायचे, “गुरुजी, अशाने अभ्यासक्रम कधी संपायचा?” तर म्हणायचे, “अभ्यासक्रम संपतो हो बाई. त्याला आपली गरजच नसते.”

पोरांना मात्र त्या फळ्याचं भारी वेड. इतर शाळांत सुविचाराकडे कुत्रं बघत नाही. आमच्याकडे प्रार्थनेच्या आधी व्हरांड्यात ढकलाढकली. आज गुरुजींचं काय चुकलं, हे बघायला सगळे धावायचे. ‘काल गुरुजी विनाकारण रागावले. भिका खरं बोलत होता.’ असं एकदा लिहिलं होतं, तर भिका दिवसभर छाती काढून फिरला. संध्याकाळी पाड्यावर आयाबाया पोरांना विचारायच्या, “आज फळ्यावं काय व्हतं रं?” शाळेचं काय चाललंय हे अख्ख्या पाड्याला रोजच्या रोज ठाऊक. तालुक्याला मात्र ते दर तिमाहीला हवं असायचं, तीन प्रतींत.

त्या तीन प्रतींचीच ही गोष्ट. त्या काळात वरून एक मोहीम आली. प्रत्येक शाळेने वाचन, लेखन, गणन न येणाऱ्या मुलांची यादी करायची, त्यांना म्हणायचं ‘अप्रगत’. यादी पालकसभेत वाचायची, शाळेच्या भिंतीवर लावायची, आणि तिच्यावरून शाळेला अ, ब, क, ड श्रेणी मिळायची. हेतू चांगलाच होता. शाळेला कोणीतरी जाब विचारायला हवा, यात वाद नाही. पण जाब विचारणार म्हटल्यावर सगळ्यांनी जबाबाची तयारी केली, शिकवायची कोणी केली नाही. पहिल्या तिमाहीत शाळाशाळांतून अप्रगत मुलं निघाली. दुसऱ्या तिमाहीत आमची शाळा सोडून सगळीकडे शून्य. डोंगरातली पोरं तीन महिन्यांत इतकी कशी शिकली, हे विचारायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

यादीत प्रत्येक नावापुढे कारण लिहायचं असे, तेही आकड्याने. एक म्हणजे पालकांचं दुर्लक्ष, दोन स्थलांतर, तीन सततची गैरहजेरी, चार आजारपण, पाच मंदबुद्धी, सहा इतर. सगळ्या शाळा डोळे मिटून एकचा आकडा घालायच्या. गुरुजींनी सगळ्या नावांपुढे सहा लिहिला आणि कंसात ‘आम्ही’.

केंद्रप्रमुख दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून धडकले. दहा-बारा शाळांचा कारभार बघणारा तो गरीब माणूस होता, वरच्यांचा ओरडा खालच्यांना शक्य तितक्या मऊ शब्दांत पोचवायचा.

“गुरुजी, शून्य करा हो. तुमच्या एका शाळेपायी माझं केंद्र क मध्ये गेलं.”

“करतो की. पोरं वाचायला लागली की शून्यच शे.”

“अहो, ती वाचतील तेव्हा वाचतील. कागद आज जायचाय.”

“मग कागद एकटा जाऊ द्या. पोरं मागून येतील.”

केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. मी दप्तर आवरत असल्याचं दाखवलं.

महिन्याभरात तालुक्याहून पत्र आलं. ‘कारण क्र. ६ मध्ये आपण “आम्ही” असे नमूद केले आहे. आम्ही म्हणजे कोण, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’ गुरुजींना पत्राचा मनापासून आनंद झाला. इतक्या वर्षांत ऑफिसने पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी खुलाशात दोन नावं लिहिली. पहिलं त्यांचं आणि दुसरं माझं.

मी किती भडकले म्हणून सांगू! “तुमच्या सत्याचे प्रयोग तुमच्या नावावर करा. मी अजून कायम नाही. माझं नाव कशाला घातलंत?”

गुरुजींनी शांतपणे विचारलं, “चौथीला भाषा कोण शिकवतं बाई?”

मी शिकवत होते. म्हणूनच मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

या खुलाशाचं पुढे काय झालं ते इथेच सांगते. माझ्या नावापुढे ‘अनुभव कमी, समज दिली’ असा शेरा पडला आणि मी यथावकाश कायम झाले. गुरुजींची एक वेतनवाढ थांबली आणि माझ्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला शिक्षा म्हणून बदली झाली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे नामपूरजवळ. बारा वर्षं विनंतीअर्ज करून जी मिळाली नव्हती, ती बदली त्यांना शिक्षा म्हणून घरपोच मिळाली. निघताना आम्हाला हसू आवरेना. मी आता स्वतः केंद्रप्रमुख आहे. माझ्या केंद्रात अप्रगत शून्य आहेत. तो शून्य कसा येतो ते मला ठाऊक आहे, आणि दर तिमाहीला सही करताना मला लाज वाटते, हेही लिहून टाकते.

पण बदलीच्या आधी मंजीचं प्रकरण झालं.

मंजी चौथीत होती. पटावर मंजुळा. बारीक चणीची, केसांना तेल थापलेली, वर्गात मागच्या रांगेत. पुस्तक उघडून दिलं की तिची वाचा बसायची. बोट पहिल्या ओळीवर, डोळे खिडकीबाहेर. मी आल्यापासून दोन्ही वर्षं ती यादीत होती. तिचे आईबाप दिवाळी झाली की द्राक्षाच्या बागांवर कामाला जायचे, दिंडोरी-निफाडकडे. पोरीला मावशीपाशी ठेवून जायचे, शाळेसाठी. पालकसभेत मी यादी वाचली आणि मंजीचं नाव आलं तसा तिचा बाप उठला.

“बाई, मागल्या साली बी हेच नाव वाचलं व्हतं ना?”

“हो.”

“मंग मी पोरगी हितं ठेवतो कशाला? वाचाया येतच नाय तर बागंवं नेतो. घड औषधात बुडवायला बारीक हातच लागत्यात.” मग सगळ्या पाड्यासमोर त्याने सांगून टाकलं, “दिवाळीपोत्तर नाव निघालं तर ऱ्हाईल. नाय तर नेणार. लय झालं.”

मंजी दारात उभी राहून ऐकत होती. बागेवर एकदा गेलेली पोर परत शाळेत येत नाही, हे मला एका वर्षात कळलं होतं. सभा संपल्यावर मी गुरुजींना म्हटलं, “एक नाव गाळा. एकच. तुमचं सत्य बुडणार नाही त्याने.”

गुरुजींनी भिंतीवरची यादी एकदा वाचली. मग म्हणाले, “आज नाव गाळलं तर ती शाळेत राहील. पण उद्यापासून तिला शिकवायचं कारण राहणार नाही. ना तुम्हाला, ना मला.”

“आणि नेली तर?”

“दिवाळीला अजून महिना शे,” ते म्हणाले. म्हणजे त्यांनाही लागलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर तालुक्याचे साहेब पडताळणीला येणार होते. यादीतल्या एकेका मुलाला पुस्तकातला ठरलेला उतारा वाचायला द्यायचा, वाचला की नाव कमी. उतारा कोणता, हे शेजारच्या शाळेतून आदल्या आठवड्यातच कळलं. मोराचा धडा. तो सगळ्यांना कळत असे, ती एक रीतच होती. मग मीही सगळ्यांनी केलं असतं तेच केलं. मधल्या सुट्टीत मंजीला घेऊन बसले आणि मोराचा धडा तिच्याकडून घोकून घेतला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, कुठे थांबायचं, कुठे बोट सरकवायचं, सगळं. चार दिवसांत पोरीला मोर तोंडपाठ. मला वाटलं, एका पोरीचं आयुष्य वाचवलं मी.

पाचव्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं : ‘बाईंनी मंजीकडून मोराचा धडा पाठ करून घेतला. पाठ झाला. वाचन राहिलं.’

मी सगळ्यांसमोर तो फळा खसाखसा पुसला. पोरं खिदळत होती. मंजीसुद्धा तोंडावर हात ठेवून हसत होती. दुसऱ्या कोणीतरी तिला वाचून दाखवलं असणार, असं मी धरून चालले. खरं तर तेव्हाच मला थांबून विचारायला हवं होतं, पण रागाच्या भरात मला कुठलं सुचायला.

साहेब आले जीपमधून, मागून केंद्रप्रमुख मोटारसायकलवर. इतर शाळांत तपासणी म्हणजे गावठी कोंबडी. गुरुजींनी साहेबांपुढे खिचडीची ताटली ठेवली, पोरांच्याच पातेल्यातली. साहेबांनी दोन घास खाल्ले, तिसऱ्याला कांदा लागला, आणि त्यांनी पडताळणी लवकर सुरू करायचं ठरवलं. व्हरांड्यात खुर्ची मांडली. यादीतला क्रम सोडून त्यांनी पहिली हाक मंजीलाच मारली.

साहेबांनी मोराचा धडा उघडून दिला. मंजीने बोट ठेवलं आणि सुरू केलं. काय सुरेख! स्वल्पविरामाला थांबली, प्रश्नचिन्हाला आवाज चढवला. केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. पान संपलं. मंजी पुढे म्हणतच होती. पुढच्या पानावरचा मजकूर, पान न उलटता.

“पान उलट की,” साहेब म्हणाले.

मंजी घाबरली आणि आणखी भरभर म्हणू लागली. पान उलटायचं मी तिला शिकवलंच नव्हतं. साहेबांनी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि मिटलं. मंजी थांबली नाही. मोराने पिसारा फुलवला, ढगांकडे पाहिलं, आणि धडा संपला तेव्हाच ती गप्प झाली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

गुरुजी कोपऱ्यात उभे होते. त्यांनी कानावरचा खडू काढला आणि सवयीने फळ्याकडे गेले. काही घडलं की लिहायचं, एवढंच त्यांना ठाऊक. साहेब हजर आहेत, जीप दारात आहे, याचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी लिहिलं आणि बाजूला झाले. पोरांच्या माना सवयीने फळ्याकडे वळल्या. आणि मंजी, कोणी सांगितलं नसताना, बोट हवेत धरून वाचू लागली.

“बाईंनी... मंजीला... धडा पाठ करायला लावला. मंजीचा... दोष नाही. साहेब आता... काय करणार?”

अडखळत वाचलं, पण वाचलं. ताजा खडू, कोणी घोकून घेतलेला नाही. प्रश्नचिन्हाला तिने आवाज चढवला आणि साहेबांकडे बघितलं. सगळा व्हरांडा साहेबांकडे बघू लागला.

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडंच होतं. “हिला वाचता येस?” ते पुटपुटले. दोन वर्षं रोज सकाळी तो फळा वाचायला ती पोरांत घुसत होती. पुस्तकातल्या मोराशी तिला काही देणंघेणं नव्हतं, पण आज गुरुजींचं काय चुकलं हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असे. त्या फळ्याने तिला वाचायला शिकवलं आणि फळा लिहिणाऱ्यालाच त्याचा पत्ता नव्हता.

साहेबांनी फॉर्म खालीवर वाचला. मग लिहिलं, ‘विहित उतारा पाठांतराने म्हटला. अप्रगत.’

“साहेब, आत्ता वाचलं ना तिने?” केंद्रप्रमुख हळूच म्हणाले. त्यांच्या तोंडून वरच्यापुढे निघालेलं ते एकच वाक्य मी ऐकलं.

“फळा हे विहित साधन नाही,” साहेब म्हणाले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर होतं : ‘मंजीला वाचता येत होतं. गुरुजींना कळलं नाही. गुरुजींची यादी चुकली.’ त्याच्याखाली जागा मोकळी होती. मी खडू मागून घेतला आणि लिहिलं, ‘बाईंचं जास्त चुकलं.’ नुसतं पुस्तक पुढे ठेवून मंजीशी चार शब्द बोलले असते, तर तिने तो उतारा वाचूनही दाखवला असता. घोकून घेऊन मी तिची तेवढी संधीही घालवली. पोरांनी ते वाचलं, आणि पहिल्यांदाच कोणी हसलं नाही.

पक्की यादी शिक्का मारून आली ती दिवाळी झाल्यावर. नियमाप्रमाणे भिंतीवर चिकटवली. मंजीचं नाव तिसरं. त्याच सकाळी तिचा बाप आला. अंगणात बोचकी बांधून ठेवलेली, मागे मंजीची आई, आणि फाट्यावर बागायतदाराचा टेम्पो थांबलेला.

“निघालं का नाव?” त्याने मला विचारलं. मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी भिंतीकडे बोट केलं.

बाप यादीसमोर जाऊन उभा राहिला. वरून खालपर्यंत कागद न्याहाळला. मग मागे वळून हाक मारली, “मंजे, मला काय कळतंय यातलं? तू बघ तुजं नाव हाय का.”

मंजी पुढे आली. मी शिकवलं होतं तसं आधी मथळ्यावर बोट ठेवलं. “वाचन न येणाऱ्या... विद्यार्थ्यांची यादी.” मग पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्याशी बोट थांबलं. तिने ते आडनावासकट, स्पष्ट वाचलं आणि बापाकडे बघून म्हणाली, “हाय, आबा.”

“हे समदं तू वाचलंस?”

“हां.”

“कोनाची नावं हायती म्हनालीस ही?”

“वाचाया येत नाय त्यांची.”

बाप एकदा पोरीकडे, एकदा कागदाकडे बघत राहिला. “मंग ज्यानं लिवलं त्यालाच येत नसंल वाचाया,” तो म्हणाला. अंगणात जाऊन त्याने एक बोचकं सोडलं, त्यातले तिचे दोन फ्रॉक काढले आणि तिच्या हातात दिले. “ऱ्हा मावशीपाशी.” गुरुजींनी तेवढ्यात तोंड फिरवलं आणि उगाच कांदे मोजायला घेतले.

यादी नियमाप्रमाणे वर्षभर भिंतीवर राहिली. पाड्यावरचं कोणी शाळेत आलं की त्याला ती वाचून दाखवायचं काम मंजीनेच आपणहून घेतलं होतं.